जन्मदिवसाची भैरवी

आपल्याकडच्या संगीतसभांची निमंत्रणपत्रे एकत्र मांडून पाहिली, तर एक गोष्ट सहज नजरेत भरते. यांतल्या बहुतेक सभा कोणाच्या ना कोणाच्या स्मृतिप्रीत्यर्थ असतात आणि त्या स्मृतीचा दिवस बहुधा मृत्यूचा असतो. १९५२ साली सवाई गंधर्वांचे निधन झाले. दुसऱ्याच वर्षी, १९५३ मध्ये, पं. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या पुण्यतिथीनिमित्त पुण्यात जो उत्सव सुरू केला, तो आज महाराष्ट्रातला सर्वांत मोठा संगीतोत्सव आहे. अल्लादिया खाँसाहेबांची पुण्यतिथी त्यांच्या गायकीचे अनुयायी पाळत आले. जगन्नाथबुवा पुरोहितांच्या मागे त्यांचे शिष्य पं. सी. आर. व्यास यांनी गुणिदास संमेलन उभे केले. दक्षिणेत तिरुवैयारूला त्यागराजांची आराधना होते, तीही त्यांच्या देहत्यागाच्या तिथीलाच.

हा विषय आमच्या मनात घोळू लागला, त्याला एक घरगुती कारण आहे. आम्ही ज्यांच्याकडे मराठी शिकलो, त्या आमच्या सरांची पंचाहत्तरी गाण्याने साजरी करायची असे आम्ही काही विद्यार्थ्यांनी ठरवले होते. सरांना भाषणांचा कंटाळा आणि नाट्यपदांचे वेड. कोणती पदे म्हणायची याची यादी त्यांनी स्वतः आपल्या बारीक अक्षरात करून दिली होती. मग एकदा परीक्षा आल्या, एकदा निवडणुकीची ड्यूटी लागली, एकदा सभागृह मिळाले नाही. तारीख पुढे जात राहिली आणि सर गेले. कार्यक्रम झाला, तीच यादी, तेच गायक. फलकावरचा 'अभीष्टचिंतन' हा शब्द तेवढा बदलला. निघताना आम्ही पाया पडलो तेव्हा सरांच्या पत्नी म्हणाल्या, "यादी त्यांनीच करून दिली होती ना? मग वाट कशाची पाहिलीत?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमची दिरंगाई ही आमची होतीच; पण आम्हाला असेही वाटू लागले, की माणूस असताना त्याच्यासाठी गाण्यापेक्षा तो गेल्यावर गाणे आपल्या समाजाला अधिक सोपे जाते. असे का व्हावे?

आपली परंपरा पाहिली तर जन्माचा उत्सव सुरांनी करण्याचा मान मुख्यतः देवांना आहे. चैत्र शुद्ध नवमीला माध्यान्ही कीर्तनकार रामजन्माच्या आख्यानाशी येऊन ठेपतात, पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो. श्रावण वद्य अष्टमीला मध्यरात्री कृष्णाचा पाळणा म्हटला जातो. संतांकडे आलो की मात्र हिशेब बदलतो. ज्ञानदेवांची आळंदी भरते ती कार्तिकातल्या समाधीसोहळ्याला आणि तुकोबांचे देहू भरते ते फाल्गुनातल्या बीजेला. संताचा देह पडणे हे मीलन मानले, म्हणून तो दिवस सणाचा झाला. साध्या माणसाच्या वाट्याला जन्माचे गाणे एकदाच येते, बारशाला, आणि ते ऐकून समजण्याचे त्याचे वय नसते. पुढे वाढदिवसाला औक्षण होते, साठीला आणि एक्याऐंशीला शांती होते, सहस्रचंद्रदर्शन होते. त्यांत मंत्र असतात, पण गाणे असेलच असे नाही.

गवयांच्या बाबतीत आणखी एक व्यावहारिक कारण आहे. जुन्या पिढीतल्या कितीतरी कलावंतांची जन्मतारीख कोठे नोंदलेलीच नसे. खेड्यात, घरात जन्म झालेला. पुढे कोणी तरी अंदाजाने वर्ष सांगितलेले. मृत्यू मात्र शिष्यांच्या डोळ्यांदेखत घडलेला असे. त्याची तिथी श्राद्धामुळे कुटुंबात पक्की राही, मुसलमान घराण्यांत बरसीमुळे पक्की राही. गुरू कधी जन्मला हे शिष्याला ऐकून माहीत असते आणि गुरू कधी गेला हे त्याने पाहिलेले असते. पुण्यतिथीची प्रथा रुजली ती अशा भक्कम जमिनीवर.

जन्मतारीख लक्षात ठेवून ती दरवर्षी साजरी करण्याची आधुनिक रीत एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिकलेल्या घरांतून आत आली. या रीतीला सुरांची जोड कशी मिळाली आणि एका माणसाचा वाढदिवस एका भाषेचा संगीतोत्सव कसा झाला, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण बंगालमधले आहे. आपण ते रवींद्रजयंती म्हणून ओळखतो. बंगाली माणूस त्याला नुसते 'पंचविशे बैशाख' म्हणतो.

रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ चा, बंगाली पंचांगाप्रमाणे २५ बैशाख १२६८. त्यांच्या घराण्यात मुलांचे वाढदिवस करण्याची पद्धत त्यांच्या वहिनी ज्ञानदानंदिनी देवी यांनी विलायतेहून परतल्यावर आणली, असे त्या कुटुंबाच्या आठवणी सांगतात. ज्ञानदानंदिनींचे पती सत्येंद्रनाथ हे सनदी परीक्षा उत्तीर्ण झालेले पहिले भारतीय आणि त्यांची सारी नोकरी आपल्या मुंबई इलाख्यातली. खुद्द रवींद्रनाथांच्या वाढदिवसाचा पहिला सोहळा १८८७ सालचा. त्यांची भाची सरलादेवी हिने आपल्या आत्मचरित्रात त्याचे श्रेय स्वतःकडे घेतले आहे. पहाटे उठून, फुलांची माळ घेऊन, मामाच्या खोलीत जाऊन तिने त्याला जागे केले आणि त्या दिवशी घरात आनंद झाला, एवढीच ती हकीगत. त्यात सभा नाही, अध्यक्ष नाही. एक मुलगी आपल्या आवडत्या माणसाकडे पहाटे फुले घेऊन जाते, हे या सबंध परंपरेचे मूळ आहे.

हा घरगुती दिवस सार्वजनिक होत गेला तो टप्प्याटप्प्याने. १९११ साली कवीला पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा शांतिनिकेतनातल्या आश्रमवासीयांनी उत्सव केला आणि 'राजा' हे गाण्यांनी भरलेले नाटक रंगभूमीवर आणले. पुढे २८ जानेवारी १९१२ रोजी बंगीय साहित्य परिषदेने कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांचा जाहीर सत्कार केला. नोबेल पारितोषिक १९१३ चे. म्हणजे हा सत्कार त्याआधीचा आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सत्तरीच्या निमित्ताने १९३१ मध्ये रामानंद चट्टोपाध्याय यांच्या संपादनाखाली 'गोल्डन बुक ऑफ टागोर' हा गौरवग्रंथ निघाला. त्या वर्षाच्या अखेरीस कलकत्त्यात मोठा जयंती उत्सव सुरू झाला. पण ४ जानेवारी १९३२ ला गांधीजींना अटक झाली आणि उत्सव आवरता घेण्यात आला.

त्याच वर्षी या दोघांची एक भेट आपल्या पुण्यात झाली आणि तिलाही वाढदिवसाचा संदर्भ आहे. २६ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपोषण सोडले, तेव्हा रवींद्रनाथ तेथे होते. त्यांनी गीतांजलीतले एक गीत म्हटले. मूळ चाल त्यांना त्या क्षणी आठवेना, म्हणून सुचेल त्या सुरात ते गायले, असे त्यांनीच पुढे लिहिले. दुसरा दिवस तिथीप्रमाणे गांधीजींच्या जन्माचा होता. पुण्याच्या शिवाजी मंदिरात मदनमोहन मालवीयांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली आणि तेथे रवींद्रनाथ बोलले. ज्याचा जन्मदिवस साजरा होत होता, तो माणूस तुरुंगात होता. मरणाच्या दारातून तो नुकताच परतला होता, म्हणून त्या सभेतले अभीष्टचिंतन हा उपचार नव्हता.

शांतिनिकेतनात पंचविशे बैशाखाला एक अडचण असे. वीरभूमचा उन्हाळा कडक, पाण्याची टंचाई आणि त्या सुमारास विद्यालयाला सुट्टी. म्हणून १९३६ पासून तेथे कवीचा जन्मोत्सव बंगाली वर्षाच्या पहिल्याच दिवशी, एप्रिलच्या मध्यावर, करू लागले. त्याप्रमाणे १४ एप्रिल १९४१ रोजी जो उत्सव झाला, तो त्यांच्या हयातीतला शेवटचा. महायुद्ध चालू होते. कवी आजारी होता. 'सभ्यतेचे संकट' हे त्यांचे विख्यात भाषण त्या दिवशी क्षितिमोहन सेन यांनी वाचून दाखवले. युरोपीय सभ्यतेवरचा विश्वास ढळल्याची कबुली देऊनही माणसावरचा विश्वास गमावणे हे पाप आहे, असे सांगणारे ते भाषण. वाढदिवसाच्या दिवशी आपल्या आयुष्याचा जमाखर्च इतक्या निर्भीडपणे मांडलेला आम्हाला दुसरीकडे आढळला नाही.

पण खरा पंचविशे बैशाख अजून यायचा होता. त्या दिवशी गाण्यासाठी एखादे जन्मदिनाचे गीत द्यावे, अशी विनंती शांतिदेव घोष यांनी गुरुदेवांकडे केली. शांतिदेव हे आश्रमातच वाढलेले, त्यांच्या गाण्याचे जाणकार गायक. आपल्याच वाढदिवसाचे गाणे आपणच रचायचे, याचा रवींद्रनाथांना संकोच वाटला. मग त्यांनी १९२२ साली लिहिलेली, 'पूरबी' संग्रहातली 'पंचविशे बैशाख' ही कविता पुढे घेतली, तिच्या अखेरच्या भागात थोडे फेरफार केले आणि त्याला चाल दिली. तेच 'हे नूतन'. बंगाली तारीख होती २३ बैशाख १३४८, इंग्रजी ६ मे १९४१. हे त्यांचे शेवटचे गाणे मानले जाते. त्यानंतर तीन महिन्यांनी, ७ ऑगस्टला, २२ श्रावणाला, ते गेले.

या गाण्याचा राग भैरवी आहे. आमच्यासारख्या मराठी श्रोत्याला हे चमकवून जाते. आपल्या मैफलीत भैरवी म्हणजे अखेर. भैरवी सुरू झाली की माणसे चपला शोधू लागतात. नव्याच्या आगमनाचे गाणे कवीने त्या रागात का बांधावे? एक उत्तर सरळ आहे. भैरवी ही मुळात सकाळची रागिणी. रात्रभर चालणाऱ्या मैफली सकाळी संपत, म्हणून ती अखेरची झाली. जी रात्र संपवते तीच पहाट आणते.

दुसरे उत्तर आम्हाला एका मराठी घरात सापडते. १८७८ साली विलायतेला जाण्यापूर्वी सतरा वर्षांचे रवींद्रनाथ इंग्रजी रीतभात शिकण्यासाठी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्याकडे राहिले होते. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक आणि व्याकरणकार दादोबांचे बंधू. मराठीच्या विद्यार्थ्याला या घराची निराळी ओळख करून द्यायला नको. त्यांची मुलगी अन्नपूर्णा, घरातली आना, नुकतीच विलायतेहून परतलेली होती. तिने या तरुण पाहुण्याकडे एक नाव मागितले. त्याने तिला 'नलिनी' हे नाव दिले, ते नाव एका गीतात गुंफले आणि पहाटेच्या भैरवीत ते तिला ऐकवले. तुमचे गाणे कानावर पडले तर मरणाच्या दिवसातूनही मी जागी होऊन परत येईन, अशा अर्थाचे ती काही बोलली. ही आठवण रवींद्रनाथांनी 'छेलेबेला'मध्ये नोंदवली आहे. पुस्तक १९४० सालचे आहे. आना १८९१ मध्येच एडिंबरोला वारली होती.

या दोन भैरवींचा परस्परसंबंध आहे असे आम्ही म्हणत नाही. एवढेच म्हणतो, की ऐंशीव्या वर्षी बालपणाकडे वळून पाहताना त्यांना मरणाचा दिवस, पहाट आणि भैरवी या तीन गोष्टी एकत्र आठवल्या होत्या आणि वर्षभरात स्वतःच्या जन्मदिवसासाठी त्यांनी तोच राग घेतला.

त्यांनी मृत्यूचेही गाणे करून ठेवले होते. 'डाकघर' नाटकासाठी १९३९ मध्ये रचलेले एक गीत आपल्या मृत्यूनंतर गावे, ही त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. पण बंगालने या दोन दिवसांची जी वाटणी केली, ती पाहण्यासारखी आहे. शांतिनिकेतनात २२ श्रावण हा वृक्षारोपणाचा दिवस झाला. गाण्याचा मोठा दिवस मात्र जन्माचाच राहिला. जोडासाँकोच्या वाड्यात सकाळी सकाळी माणसे जमतात, गल्लोगल्ली पेट्या बाहेर निघतात, शाळेतली मुले गातात. पु. ल. देशपांडे पन्नाशीत शांतिनिकेतनात राहून बंगाली शिकले आणि १९७४ मध्ये त्यांचे 'वंगचित्रे' प्रसिद्ध झाले. गाणे हा बंगाली माणसाच्या घरातला नित्याचा व्यवहार कसा आहे, हे मराठी वाचकाला त्यांनीच दाखवले.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. जन्मदिवस जितका सार्वजनिक होतो, तितका त्यावर पहारा बसतो. रवींद्रनाथांच्या रचनांचे स्वामित्व २००१ अखेरपर्यंत विश्वभारतीकडे होते. कायद्याने ते १९९१ मध्येच संपायचे, पण मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली. तोवर ध्वनिमुद्रणाला विश्वभारतीच्या संगीत मंडळाची मान्यता लागे. देवव्रत विश्वास यांच्यासारख्या अतिशय लोकप्रिय गायकाचे या मंडळाशी वाद्यवृंदावरून आणि गायनपद्धतीवरून मतभेद झाले आणि अखेर त्यांनी रवींद्रसंगीताचे ध्वनिमुद्रण करणेच सोडले. ज्याने येरवड्यात चाल विसरल्यावर सुचेल तसे गायले, त्याच्या गाण्यांची ही राखण. शुद्धतेचा आग्रह सर्वस्वी चुकीचा नव्हता. पण ज्याचा जन्मदिवस सगळ्यांचा, त्याचे गाणे थोड्यांच्याच हाती, ही विसंगती त्यात होती.

महाराष्ट्रात असे काही नाहीच, अशी तक्रार करून येथे थांबणे सोपे होते. पण ते खरे नव्हे. जन्मदिवस गाण्याने साजरा करण्याची मराठीतली सर्वांत मोठी परंपरा अभिजात संगीताच्या निमंत्रणपत्रांत सापडत नाही, कारण ती वस्त्यांतून वाढली. १४ एप्रिल १९२८ रोजी जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली. बाबासाहेब तेव्हा हयात होते. वय अवघे सदतीस. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे आले, वामनदादा कर्डकांसारखे लोककवी आले आणि जयंतीचे गाणे हा मराठी गीतरचनेचा एक स्वतंत्र प्रकारच उभा राहिला. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. २००४ साली ते गेले, पण त्यांची गीते दर एप्रिलमध्ये पुन्हा उमटतात. या गाण्यांवर कोणत्याही मंडळाचा पहारा नव्हता. चाल लोकगीताची चालेल, सिनेमाची चालेल, कव्वालीची चालेल. ज्यांच्या जन्माची नोंद ठेवावी असे समाजाला कधी वाटले नव्हते, त्यांनी आपल्या नेत्याचा जन्म ही आपल्या नव्या जन्माची तारीख मानली. शांतिनिकेतनात 'सभ्यतेचे संकट' वाचले गेले, त्याच दिवशी बाबासाहेबांना पन्नास वर्षे पूर्ण झाली होती. आम्ही मराठीचे प्राध्यापक पंचविशे बैशाखाचे कौतुक करतो आणि चौदा एप्रिलच्या गाण्याला मात्र ध्वनिक्षेपकाचा गोंगाट म्हणून खिडकी लावून घेतो. हा दोष त्या गाण्याचा नसून आमच्या कानाचा आहे.

अभिजात संगीतातही जन्माची आठवण अगदीच नाही असे नाही. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर पं. रविशंकर यांनी मोहनकंस हा राग बांधला, तो शोकाचा. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीला कुमार गंधर्वांनी गांधी मल्हार बांधला. एकाच माणसाच्या मरणाने एक राग दिला आणि जन्माने दुसरा. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचे भूमिपूजन ८ ऑक्टोबर १९६२ रोजी खुद्द नारायणराव राजहंसांच्या हातून झाले. ते १९६७ च्या जुलैत गेले. वास्तूचे उद्घाटन झाले ते २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी. पायाची पूजा करणारा माणूस तिसऱ्या घंटेला नव्हता. तारीख योग्य निवडली गेली. वर्ष तेवढे हुकले.

आणि आपल्या घरच्या माणसांचे काय? युरोपच्या संगीतात एक प्रसिद्ध प्रसंग आहे. २५ डिसेंबर १८७० च्या सकाळी ल्युसर्नजवळच्या ट्रिब्शेन येथील घरात कोझिमा वाग्नर जागी झाली ती जिन्यावरून येणाऱ्या सुरांनी. तिचा जन्म २४ तारखेचा, पण वाढदिवस ती नाताळला करी. पतीने तिच्यासाठी गुपचूप एक रचना केली होती आणि मोजके वादक जिन्यावर उभे करून ती वाजवली. बाळ सीगफ्रीडच्या नावाने ती आज 'सीगफ्रीड आयडिल' म्हणून ओळखली जाते. १८७८ मध्ये पैशांच्या अडचणीपायी वाग्नरने ती प्रकाशकाला विकली, आणि आपल्या खाजगी ठेव्याला बाजार दिसला याचे कोझिमाला फार दुःख झाले. आज ती रचना आपण ऐकू शकतो, ती त्या विक्रीमुळेच. सरलादेवीची माळ आणि वाग्नरचा जिना यांत एक साम्य आहे. दोन्हीकडे पहाट आहे, झोपेतून जागे होणारे माणूस आहे आणि देणाऱ्याने वाट पाहिलेली नाही.

पुण्यतिथी वाईट, असे या साऱ्यातून आम्हाला सुचवायचे नाही. सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीने आम्हाला जे ऐकवले, त्याचे ऋण फिटणारे नाही. मृत्यूच्या दिवशी गाणारा शिष्य आपल्यापाशी काय उरले ते सांगत असतो, आणि ते सांगायलाच हवे. पण पुण्यतिथीला ज्याच्यासाठी गायचे तो श्रोत्यांत नसतो. तो चुकीच्या जागी दाद देणार नाही, यादीतले पद बदलायला सांगणार नाही, डोळे पुसणार नाही. पुण्यतिथी थांबू शकते. ती दरवर्षी येणारच असते. जन्मदिवसाचे तसे नाही. त्याची संख्या ठरलेली असते आणि ती कोणालाच ठाऊक नसते.

सरांच्या पत्नींना यंदा ऐंशी पूर्ण झाली. आम्ही समिती नेमली नाही, सभागृह पाहिले नाही. सकाळी सात वाजता पेटी घेऊन चौघे त्यांच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडले, आमच्याकडे आणि पेटीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अगोबाई, आधी चहा घ्या." चहा झाला. सरांची यादी त्यांनी देव्हाऱ्याजवळच्या वहीत जपून ठेवली होती. त्यातले पहिले पद त्यांनी वगळायला सांगितले. ते सरांना आवडायचे, त्यांना नव्हे. त्यांनी आपल्या आवडीचे एक सांगितले आणि दुसऱ्या ओळीपासून त्या स्वतःही म्हणू लागल्या.